जिवाणू फुटतो तेव्हा त्याच्यातलं नत्र आणि स्फुरद कुठे जातं? (मातीतले विषाणू)

चिकणमाती

गेली काही वर्षं मी मातीतून विषाणू वेगळे काढायचं काम करते. कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे पिकांवरचे रोग का?" नाही. मातीतल्या बहुतेक विषाणूंना पिकाशी काही देणंघेणं नसतं. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे जिवाणू. अशा विषाणूंना बॅक्टेरियोफेज किंवा नुसतं फेज म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

धागा काढायचं कारण असं की अन्नद्रव्यांच्या चक्राबद्दल बोलताना आपण पालापाचोळा, गांडुळं, बुरशी, जिवाणू इथपर्यंत येतो आणि थांबतो. जिवाणूंनी नत्र (नायट्रोजन) धरून ठेवलं, जिवाणूंनी स्फुरद (फॉस्फरस) मोकळं केलं, असं सहज बोललं जातं. पण जिवाणूच्या अंगात गेलेलं नत्र पुन्हा बाहेर येतं कसं? तो मरावा लागतो. आणि तो कशाने मरतो यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मला या धाग्यात एवढंच सांगायचं आहे.

आधी जरा डोळ्यांसमोर आणते. थोडी माती बफरच्या (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या) द्रावणात हलवायची, गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं. जिवाणू वर अडकतात, फेज खाली उतरतात. मग ते 0.02 मायक्रॉनच्या चकतीवर धरायचे, सायबर गोल्ड नावाचा रंग घालायचा आणि निळ्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके दिसतात, टाचणीच्या टोकाएवढेही नाहीत, पण दाट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोजायचं विसरून मी नुसती बघत बसले होते. उष्ण वाळवंटातल्या मातीत ते ग्रॅमला हजाराच्या घरात सापडतात, आणि जंगलातल्या किंवा पाणथळ जागेच्या मातीत शंभर कोटींच्याही वर जातात.

आता फुटण्याबद्दल. फेज जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, पेशीची सगळी यंत्रणा स्वतःच्या कामाला लावतो. काही वेळाने पेशीची भिंत फुटते आणि डझनावारी, कधी शंभरावर नवे फेज बाहेर पडतात. त्यांच्याबरोबर पेशीत जे काही होतं तेही सांडतं: अमिनो आम्लं, प्रथिनं बनवणारे रायबोसोम, विकरं (एन्झाइम), भिंतीचे तुकडे.

तोच जिवाणू एखाद्या आदिजीवाने, म्हणजे अमीबासारख्याने खाल्ला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. आदिजीवाला जिवाणूतलं सगळं नत्र लागत नाही, जास्तीचं तो अमोनियम म्हणून बाहेर टाकतो आणि ते मुळांना थेट मिळतं. मारियान क्लारहोल्म यांनी 1985 मध्ये हे चांगलं मांडलं होतं. फेजने फोडलेल्या पेशीतला माल मात्र आधी शेजारच्या जिवाणूंच्या तोंडी पडतो. अन्न साखळीत वर चढत नाही, त्याच पायरीवर फिरत राहतं. समुद्रासाठी ही कल्पना विल्हेल्म आणि सटल यांनी 1999 मध्ये मांडली. समुद्रात दररोज सूक्ष्मजीवांच्या एकूण वजनापैकी साधारण पाचवा हिस्सा विषाणू मारतात असा अंदाज आहे.

मातीत हे कसं चालतं यावर बोलूया. प्रश्न विचारा, चुकत असेन तर सांगा.

शेवंती

वाचतेय. आदिजीवाने खाल्लं तर अमोनियम आणि फेजने फोडलं तर शेजाऱ्यांना मेजवानी, हा फरक पहिल्यांदाच कळला. मग झाडाच्या दृष्टीने फेज नुकसानीचेच म्हणायचे का? माझ्याकडे कुंड्यांतली बाग आहे, त्यामुळे प्रश्न थोडा स्वार्थाचा आहे.

चिकणमाती

शेवंती, तसं सरळ नाही. शेजाऱ्यांच्या तोंडी पडतं, पण शेजारी ते सगळं अंगी लावू शकत नाहीत. सांडलेल्या मालात नत्र भरपूर असतं. ज्या जिवाणूला ऊर्जेसाठी कर्ब (कार्बन) हवा आहे, तो अमिनो आम्ल खातो, कर्ब जाळतो आणि नको असलेलं नत्र अमोनियम म्हणून सोडतो. म्हणजे मुळापर्यंत नत्र याही वाटेने पोचतंच, फक्त मध्ये एक मुक्काम वाढतो. आणि मधल्या मुक्कामात थोडा कर्ब हवेत जातो.

उलट बाजूही बघा. फेज नसते तर जिवाणूंच्या अंगात अडकलेलं नत्र आणि स्फुरद बराच काळ तसंच पडून राहिलं असतं. कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जिवाणू वाढतात तेव्हा ते आजूबाजूचं नत्र ओढून घेतात आणि झाड काही दिवस पिवळं पडतं, हे कुंडीत कच्चा पाला घातला तर तुम्ही पाहिलं असेल. ते अडकलेलं नत्र सोडवणाऱ्यांत फेज आहेत.

शेवंती

हो, पाहिलंय! ताजा भुसा घातला होता, मोगरा महिनाभर रुसून बसला.

कणसूर

धागा छान आहे, पण मला एक हिशोब मांडायचा आहे. फेज स्फुरद धरून ठेवतात, असं बऱ्याच ठिकाणी म्हटलं जातं. करून बघू.

एका मध्यम फेजचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, 50,000 जोड्यांचा धरा. डीएनएच्या प्रत्येक जोडीमागे स्फुरदाचे दोन अणू, म्हणजे एका फेजमध्ये स्फुरदाचे एक लाख अणू. ग्रॅमभर मातीत शंभर कोटी फेज असले तरी सगळ्यांचं मिळून स्फुरद जेमतेम 5 नॅनोग्रॅम भरतं. ठीकठाक मातीत पिकाला उपलब्ध असलेलं स्फुरद ग्रॅममागे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 10,000 नॅनोग्रॅम धरू. दोन हजारात एक! एवढ्या साठ्याने चक्रात काय फरक पडणार?

मी मुद्दाम खोडा घालत नाही. पण संख्येने मोठा म्हणजे परिणामाने मोठा, ही उडी आपण फार लवकर मारतो.

चिकणमाती

कणसूर, हिशोब बरोबर आहे, आणि तो मांडलात ते फार बरं झालं. साठा म्हणून फेज नगण्यच आहेत. मी त्यांना कोठार म्हणतच नाही. ते वाटेवरचे नाकेदार आहेत.

तुमचाच हिशोब एका फुटण्यावर लावून बघा. मातीतले जिवाणू प्रयोगशाळेतल्यांपेक्षा लहान असतात. एका पेशीत 2 फेम्टोग्रॅम (फेम्टोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा दहा लाखावा भाग) स्फुरद धरलं तर ते साधारण चार कोटी अणू झाले. त्या पेशीतून 100 फेज निघाले तर त्यांच्याबरोबर एक कोटी अणू गेले. म्हणजे पेशीतल्या स्फुरदाचा चौथा हिस्सा फेजच्या डोक्यात बसून निघून गेला. नत्राचा आणि कर्बाचा वाटा मात्र त्या मानाने फारच थोडा जातो.

याचं कारण फेजच्या बांधणीत आहे. फेज म्हणजे ठासून भरलेला डीएनए आणि त्यावर प्रथिनाचं टोपण. मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात कर्ब, नत्र, स्फुरद यांचं अणूंचं प्रमाण जगभरच्या सरासरीने 60:7:1 येतं. फेजसाठी काढलेलं प्रमाण 20:6:1 च्या आसपास आहे. म्हणून फेज निघून गेल्यावर जे सांडतं त्यात कर्ब आणि नत्र तुलनेने जास्त, स्फुरद कमी. स्फुरदाची आधीच टंचाई असलेल्या मातीत शेजारच्या जिवाणूंना हे जाणवतं.

आणि साठा छोटा असण्याचं कारण फेज टिकत नाहीत हे आहे. बरेचसे विरतात, काही विकरांनी फाटतात, काही चिकणमातीच्या कणाला चिकटून निकामी होतात. आत गेलेलं स्फुरद पुन्हा बाहेर येतं. घागर छोटी असली तरी ती विहिरीत किती वेळा सोडता यावर पाणी ठरतं.

कणसूर

चौथा हिस्सा... हे मी करून पाहिलं नव्हतं. साठा आणि ओघ यांत माझी गल्लत झाली, मान्य. पण मग सगळा भार "किती वेळा" या एका प्रश्नावर येतो. मातीत फुटण्याचा वेग मोजलाय का कुणी?

रानवाट

मला हेच विचारायचं होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. समुद्रात पाणी ढवळलं जातं, फेज आणि जिवाणू एकमेकांवर आदळतात. माती म्हणजे चक्रव्यूह. जिवाणू कणांच्या पृष्ठभागाचा एक टक्काही व्यापत नाहीत असं वाचलंय. एक पेशी या छिद्रात, दुसरी तिकडे, मध्ये हवा. फेजला शेपटी असली तरी पोहता येत नाही. मग भेट होणार कशी?

चिकणमाती

दोघांचं उत्तर एकत्र देते, कारण दोन्हींचं उत्तर पाण्यात आहे.

माती कोरडी असते तेव्हा कणांवर पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा उरतो आणि तोही तुटक. फेज जिथे आहे तिथे अडकतो. चिकणमाती आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं त्याला धरून ठेवतात, आम्ल मातीत तर जास्तच. अशा वेळी बऱ्याच फेजना दुसरा मार्ग सोयीचा पडतो: जिवाणूला मारायचंच नाही, आपला डीएनए त्याच्या डीएनएत घुसवायचा आणि त्याच्याबरोबर वाढत राहायचं. ज्यांचे जीनोम वाचून झाले आहेत अशा जवळजवळ निम्म्या जिवाणूंमध्ये असे दडून बसलेले फेज आहेत. त्यामुळे मातीत हाच मार्ग प्रबळ असावा असा समज बराच काळ होता.

मग 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गवताळ जमिनीवरचा एक अभ्यास आला. तिथे उन्हाळाभर माती कोरडी ठाक असते. ती माती आणून भिजवली आणि आठवडाभर फेजवर लक्ष ठेवलं. पहिल्या 24 तासांत विषाणूंचे प्रकार निम्म्यावर आले, पण आठवड्यात त्यांचं एकूण वजन चौपट झालं. म्हणजे कोरड्या मातीत असंख्य प्रकारचे फेज थोडे-थोडे पडून होते, पाणी मिळताच त्यातल्या मोजक्यांनी उचल खाल्ली. आणि ते दडून बसणारे नव्हते, फोडणारे होते. आठवड्याच्या शेवटी मरणाऱ्या सूक्ष्मजीवांपैकी 46 टक्क्यांपर्यंत मरण विषाणूंमुळे होतं, असा त्यांचा अंदाज.

कणसूर, "किती वेळा" याचं उत्तर वर्षाच्या सरासरीत शोधू नका. ओल आली की धडाका, वाळलं की शांतता.

रानवाट

हे बर्चच्या निरीक्षणाशी जुळतं! एच. एफ. बर्च यांनी 1958 मध्ये दाखवलं होतं की वाळलेली माती भिजवली की कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघतो आणि उपलब्ध नत्रही एकदम वाढतं. माती ओलीच ठेवली तर असं होत नाही. तेव्हापासून याची दोन-तीन कारणं सांगितली जातात: वाळताना मेलेल्या पेशी, भिजताना दाबाने फुटलेल्या पेशी, मातीच्या ढेकळांत कोंडलेला आणि पाण्याने मोकळा झालेला सेंद्रिय माल. त्या यादीत विषाणू नव्हतेच.

पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत रान एकाएकी हिरवं होतं, त्यामागे हेही एक कारण असेल तर मी त्या चिखलाकडे वेगळ्या नजरेने बघेन.

चिकणमाती

+१. पहिल्या काही तासांतला लोंढा बहुधा तुम्ही म्हणता त्या कारणांचाच. फेजचा हात नंतर लागतो, जिवाणू वाढायला लागल्यावर. लोंढ्याची लांबलेली शेपटी त्यांची.

अंकुर७

कडधान्यांच्या मुळांवरच्या, हवेतलं नत्र स्थिर करणाऱ्या गाठींबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझा विषय तोच आहे, म्हणून लिहितो.

आधी एक योगायोग. गाठींतला जिवाणू 1888 मध्ये वेगळा काढला तो मार्टिनस बायरिंक यांनी. आणि 1898 मध्ये तंबाखूच्या रोगाचं कारण जिवाणूपेक्षा वेगळं काहीतरी आहे हे ओळखून त्याला "व्हायरस" म्हणणारेही तेच. एकाच माणसाच्या टेबलावर दहा वर्षांच्या अंतराने हे दोन्ही जीव येऊन गेले, पण ते मातीत एकमेकांशी झुंजतात हे कळायला पुढची पिढी यावी लागली.

गाठींतल्या या जिवाणूला, म्हणजे रायझोबियमला, मारणारे फेज कडधान्याच्या शेतात नेहमी सापडतात. फ्रान्समध्ये 1930 च्या दशकात लसूणघासाची शेतं काही वर्षांनी "थकतात", गाठी कमी धरतात, याचं कारण फेज असावेत असं देमोलों आणि दुनेझ यांनी मांडलं होतं. तेव्हा त्यावर वाद झाला, आणि जुन्या शेताच्या थकव्याला एकटा फेज जबाबदार असतो असं मीही म्हणणार नाही. पण कुंडीतल्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: ज्या वाणाच्या रायझोबियमला फेज लागतो त्याच्या गाठी घटतात आणि ज्याला लागत नाही तो त्या जागा बळकावतो. मग गाठींची संख्या तीच दिसते, पण नव्याने आलेला वाण नत्र स्थिर करण्यात कमी पडणारा असेल तर झाड फिकं राहतं.

माझ्या स्वतःच्या चाचणीत असं झालं होतं. बियाण्याला संवर्धक (रायझोबियमचं जिवाणू खत) चोळून लावलं, गाठी भरपूर आल्या. कापून बघितल्या तर आत लालसर रंग नाही, हिरवट-पांढऱ्या. संवर्धकाला दोष देऊन मोकळा झालो. पुढे मुळांभोवतीच्या मातीचं गाळलेलं पाणी त्याच वाणाच्या जिवाणूंच्या थरावर टाकलं, तर दुसऱ्या दिवशी थराला मसुरीएवढी गोल स्वच्छ छिद्रं. तो वाण त्या मातीत टिकणारच नव्हता.

शेवंती

अंगावर काटा आला वाचून. म्हणजे गाठी मोजून उपयोग नाही, कापून बघायच्या.

अंकुर७

हो ताई, कापूनच. आतून गुलाबी-लाल असली तर ती काम करते आहे. तो रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा.

कणसूर

आता दुसरी शंका. अलीकडे "विषाणूंमध्ये सेल्युलोज, कायटिन तोडणारी जनुकं सापडली, म्हणजे विषाणूच पालापाचोळा कुजवतात" असे मथळे दिसतात. मातीतून डीएनए काढला, वाचला, त्यात जनुक दिसलं. इथपर्यंत ठीक. पण जनुक असणं वेगळं आणि त्याने काम करणं वेगळं. शिवाय जिवाणूचा तुकडा विषाणूचा म्हणून मोजला गेला नाही कशावरून?

चिकणमाती

ही शंका मीही प्रत्येक वेळी घेते. विषाणू पाला कुजवतात असं म्हणणं चूकच. ते ज्या जिवाणूत शिरतात त्याच्या हाती मरण्याआधी एखादं जास्तीचं हत्यार देतात, एवढंच म्हणता येतं. फेजचा फायदा असा की पेशीला जास्त अन्न मिळालं तर फेजही जास्त बनतात.

पण दोन ठिकाणी जनुकाच्या पुढे जाऊन तपासलं गेलं आहे. स्वीडनच्या उत्तरेला आबिस्कोजवळ स्टोर्डालेन नावाची दलदल आहे, तिथली गोठलेली जमीन वितळते आहे. 2018 मध्ये तिथल्या मातीतून विषाणूंचे 1,907 गट नोंदले गेले. त्यात वनस्पतींमधल्या गुंतागुंतीच्या शर्करा तोडणाऱ्या विकरांची जनुकं होती, आणि त्यातलं एक विकर प्रयोगशाळेत बनवून खरंच काम करतं हे दाखवलं गेलं. दुसरं उदाहरण 2022 चं: मातीतल्या विषाणूचं कायटोसान तोडणारं विकर बनवलं, त्याचा स्फटिक करून अणूंची रचना काढली. तेही काम करतं. कायटोसान येतं कायटिनपासून, आणि कायटिन म्हणजे बुरशीच्या भिंती, कीटकांची कवचं. त्यात नत्र आहे.

मातीत प्रत्यक्ष ओघ बघायचा असेल तर मला 2021 चा मिथेनचा प्रयोग सगळ्यात आवडतो. जड कार्बनचा (नेहमीपेक्षा वजनदार, म्हणून ओळखू येणाऱ्या अणूंचा) मिथेन वायू मातीला दिला. मिथेन खाणारे जिवाणू सोडून तो थेट कुणाच्या पोटात जात नाही. काही दिवसांनी तोच जड कार्बन त्या जिवाणूंच्या फेजमध्ये सापडला, आणि मिथेन न खाणाऱ्या इतर जिवाणूंच्या फेजमध्येही. वायू, जिवाणू, त्याचा फेज, शेजारी, शेजाऱ्याचा फेज. कार्बनला खूण करून त्याची वाट अशी पावलापावलाने पाहता आली.

कणसूर

हे पटलं. खुणेचा कार्बन खोटं बोलत नाही.

शेवंती

एक भाबडा प्रश्न. उद्या कुणी बाटलीत "फेज खत" विकायला आणलं तर घ्यावं का?

चिकणमाती

खत म्हणून अजिबात नको. फेज फार निवडक असतो, एकाच जातीतले काही वाणच त्याला लागतात. तुमच्या कुंडीत तो जिवाणू नसेल तर बाटलीतलं सगळं वाया. असेल तर तो उपयोगाचा आहे की नाही, हे कुणी तपासलं? अंकुर७ यांच्या छिद्रांवरून कळलंच असेल.

रोगासाठी गोष्ट वेगळी, तिथे शत्रू कोण हे माहीत असतं. टोमॅटोच्या मर रोगाचा जिवाणू राल्स्टोनिया, त्यावर फेजचं मिश्रण वापरून चीनमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये रोगाचं प्रमाण जास्तीत जास्त 80 टक्क्यांनी कमी केलं होतं. तो निवडकपणाच तिथे कामाला येतो, बाकीचे जिवाणू शाबूत राहतात.

रानवाट

चिकणमाती, तुमच्या स्वतःच्या प्रयोगाबद्दल लिहा ना थोडं. फेज घातलेल्या आणि न घातलेल्या मातीत नत्राचा फरक कसा बघता?

चिकणमाती

पहिला प्रयोग मी चुकवला होता, तो आधी सांगते. एका मातीत फेजचं द्रावण घातलं, दुसरीत साधं पाणी. फेजवाल्या मातीत अमोनियम वाढलं, मी खूश. मग लक्षात आलं की फेज सोडवायला वापरलेल्या बफरमध्ये मांसाचा अर्क होता. म्हणजे मी नत्रच घालत होते! शिवाय फेज स्वतःही प्रथिन आणि डीएनए आहेत, मेले तरी तेही खाद्यच. तीन महिन्यांचे आकडे बाजूला ठेवावे लागले.

आता तुलनेसाठी तेच द्रावण उकळून घालते. कण तेच, नत्र-स्फुरद तेवढंच, फक्त मारण्याची ताकद गेलेली. त्या दोघांत जो फरक उरेल तोच फेजच्या कामाचा. तो पहिल्यापेक्षा बराच लहान येतो, पण येतो, आणि वाळवून भिजवलेल्या मातीत जास्त ठळक येतो.

अंकुर७

आणि गाळणीवर जे अडकतं त्याचं काय करता? 0.22 च्या वर मोठे विषाणूही राहत असतील की.

चिकणमाती

राहतात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टच्या मातीतून 16 नव्या महाकाय विषाणूंचे जीनोम मिळाले, त्यांतले बरेच आपल्या नेहमीच्या गाळणीतून खाली उतरणारच नाहीत. असे विषाणू अमीबासारख्या आदिजीवांना लागतात, म्हणजे मूळ धाग्यात ज्याला मी अमोनियम सोडणारा म्हटलं, त्यालाच मारतात. त्या वाटेवरही नाका आहेच.

मी कितीतरी वर्षं गाळण्या वापरून झाल्या की फेकून देत आले. गेल्या हंगामापासून प्रत्येक चकती चिमट्याने उचलून, घडी घालून, छोट्या कुपीत उणे 80 अंशांवर ठेवते. आत्तापर्यंत दोन खोकी भरली आहेत. तुमच्याकडे गाठींच्या आसपासच्या मातीच्या चकत्या असतील तर त्याही टाकू नका, आपण दोघं मिळून त्यातला डीएनए काढून बघू.

अंकुर७

आहेत. या आठवड्यात व्यक्तिगत निरोप पाठवतो.